फोडणी दिली नाही

रविवारी सकाळी नऊ वाजता मी आईला फोन करते. तिच्याकडे, वसईत, तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिचा पहिला प्रश्न थंडीचा असतो, दुसरा जेवणाचा. हिवाळ्यातल्या पुष्कळ रविवारी माझं उत्तर एकच असतं: वाटाण्याच्या डाळीचं सूप, हॅमचं हाड घालून. मग ती विचारायची, "फोडणी दिलीस ना?" आणि मी म्हणायची, "दिली."

दोन वर्षं मी हे खोटं सांगितलं. फार मोठा गुन्हा नव्हे. न दिलेली फोडणी दिली म्हटलं, इतकंच. पण आईशी असल्या गोष्टीत खोटं का बोलावं लागतंय याचा एकदा विचार करायला बसले, तेव्हा त्याआधीची चार वर्षं आठवली. त्या चार वर्षांत मी या सुपाबद्दल चारचौघांत जे छातीठोकपणे सांगत होते, ते आता मागे घ्यायचं होतं, आणि तेवढा धीर होत नव्हता. तो आता करते.

आम्ही २०११च्या सप्टेंबरात सॅस्कटूनला आलो. कॅनडाच्या सॅस्कॅचवान प्रांतातलं हे शहर. चारी बाजूंना सपाट शेतं आणि त्या शेतांखाली सुमारे एक किलोमीटर खोलीवर पोटॅश. नवऱ्याची नोकरी त्या पोटॅशच्या खाणीतली. जानेवारीत पारा उणे तीसच्या खाली जातो. रात्री गाडी नुसती उभी करून चालत नाही, तिच्या पुढच्या बाजूने लोंबणारी वायर भिंतीवरच्या सॉकेटात खोचावी लागते, नाहीतर सकाळी इंजिन जागं होत नाही. वसईच्या माणसाला हे सगळं नव्याने शिकावं लागतं: बर्फावर चालायचं कसं, हातमोज्यांच्या आत हातमोजे का घालायचे, दाराचं कुलूप उघड्या बोटांनी का धरायचं नाही.

आमच्या शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत. आयुष्य शेतावर गेलेलं. नवरा वारल्यावर शेत मुलाच्या हाती देऊन त्या शहरात आलेल्या. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायची, पण घरात आम्ही त्यांना 'पलीकडच्या आजी' म्हणायचो. पहिल्याच जानेवारीत, २०१२ साली, त्या दारात उभ्या राहिल्या. हातात झाकण बांधलेलं इनॅमलचं पातेलं. "हिवाळ्याचं जेवण," एवढंच म्हणाल्या आणि पातेलं ठेवून गेल्या.

झाकण काढलं तर आत करडट हिरवं, पिठल्याहून थोडं सैल असं काहीतरी. त्यात गाजराचे तुकडे आणि मांसाच्या गुलाबी चिंध्या. मी चमचाभर तोंडात घातलं. गरम होतं, दाट होतं, खारट होतं आणि मागून जरा धुरकट. पुढचा चमचाही तसाच. मी वाट बघत राहिले, की आता काहीतरी येईल, तिखट, आंबट, निदान लसूण. काही आलं नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. वसईच्या ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे डुकराच्या मांसाचं मला नवल नव्हतं. आमच्याकडे नाताळला डुकराचं इंदियाल होतं, त्यात सिरका असतो, मसाला असतो, आणि ते फुग्यांबरोबर, म्हणजे तळलेल्या गोल पावांबरोबर, खातात. तेव्हा माझी अडचण डुकराची नव्हतीच. अडचण डाळीची होती. डाळ शिजवून तिला फोडणी न देता माणसासमोर ठेवायची, हे मला कळेचना. आमच्याकडे तापकऱ्यालासुद्धा वरण देताना जिऱ्याचे चार दाणे तुपात तडतडतात.

त्या रात्री मी तेल तापवलं. लसूण ठेचून टाकला, जिरं टाकलं, आणि वरून चमचाभर बाटली मसाला. हा मसाला आमच्याकडे उन्हाळ्यात होतो. वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजायचे, लाकडी उखळात मुसळांनी कुटायचे आणि काळपट बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणून नाव बाटली मसाला. आईने सामानात तीन बाटल्या घातल्या होत्या. आजींच्या सुपावर ती फोडणी चर्रकन ओतली तेव्हा सगळं घर वसईचं झालं. नवऱ्याने दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाला, "आता कसं जेवणासारखं लागतंय."

इथून माझ्या अहंकाराला वाट मिळाली. गणपतीला, दिवाळीला शहरातली मराठी मंडळी जमायची, आणि गप्पा फिरून फिरून इथल्या खाण्यावर यायच्या. मी तेव्हा रंगवून सांगायची: "अहो, शेत भरून वाटाणे पिकवतात आणि मग नुसते पाण्यात उकळतात! मी फोडणी दिली तेव्हा त्या सुपाचा जन्म सार्थकी लागला." मंडळी हसायची. मीही हसायची. आजी तिथे नसायच्या, हे सांगायला नको.

*

त्यानंतर मी ते सूप स्वतः करायला घेतलं, आणि इथे माझी फजिती सुरू झाली. तेव्हा मी तिचा दोष वाटाण्यांना दिला, पाण्याला दिला, देशालाही दिला. आज क्रमाने लिहून काढते आहे ते माझंच खातं म्हणून.

पहिला प्रयोग कुकरचा. डाळ म्हटली की कुकर, यात विचार करायचा काय? मी डाळ, पाणी आणि हॅमचे तुकडे घालून झाकण लावलं. वाटाण्याची डाळ तुरीपेक्षा जास्त फेसाळते. तो फेस आपल्याबरोबर डाळीचे कण वर नेतो आणि शिटीच्या भोकात नेऊन बसवतो. शिटी झालीच नाही. थोड्या वेळाने सुरक्षेचं बूच उडालं आणि छतावर हिरवी फुली उमटली. कुकरबरोबर आलेल्या पुस्तिकेत फोडलेल्या वाटाण्यांचं नाव घेऊन ताकीद छापलेली होती. मी पुस्तिका उघडली ती छत पुसून झाल्यावर.

दुसरा प्रयोग पातेल्यातला. या खेपेला मी सुरुवातीलाच दोन टोमॅटो आणि इंदियालच्या आठवणीने चमचाभर सिरका घातला. डाळ तीन तास शिजली आणि तरी दाताखाली कचकचत राहिली. आंबट आधी घातलं की डाळ शिजत नाही, हे आमच्या वसईच्या आजीला माहीत होतं, मलाही होतं. आंबटपणा दाण्यातल्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळू देत नाही, म्हणून चिंच-आमसूल आपण डाळ शिजल्यावर घालतो. घरच्या वरणात मी ही चूक कधीच केली नसती. पण 'सूप' असं नाव लागल्यावर ती मला डाळ वाटेनाशी झाली होती. हातातली विद्या मी नावापायी विसरले.

तिसरा प्रयोग मिठाचा. सवयीने डाळीतच मीठ घातलं. हॅम म्हणजे डुकराची मांडी, आधी मिठाच्या पाण्यात मुरवलेली आणि मग धुरी दिलेली. तिचं मीठ उकळताना हळूहळू पाण्यात उतरतं. दोन तासांनी ते सूप कोणाच्याच तोंडात धरवेना. मी त्यात बटाटे घातले, मग आणखी डाळ, मग आणखी पाणी, आणि आठवडाभर आम्ही दोघं ते खात राहिलो.

चौथी चूक तमालपत्राची. आजींनी पान घालायला सांगितलं होतं. मी घरून आणलेली दोन पानं घातली. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्यावर तीन शिरा लांबून जातात आणि वास दालचिनीकडे झुकतो. इथलं 'बे लीफ' वेगळ्या झाडाचं, एका शिरेचं, त्याचा वास कडूसर आणि हिरवा. माझ्या सुपाला बिर्याणीचा वास आला. मला तो आवडला, हे कबूल करते. पण ते सूप मात्र ते राहिलं नाही.

प्रत्येक वेळी शेवटी फोडणी होतीच. फोडणीने मी सगळ्या चुका झाकत होते, आणि झाकल्या गेल्या म्हणून त्या मला दिसत नव्हत्या.

२०१४च्या नाताळानंतर मी मोठ्या हौसेने आजींना माझं 'सुधारलेलं' सूप नेऊन दिलं. लाल तवंग, वर कोथिंबीर. त्यांनी टेबलाशी बसून सगळं खाल्लं, चमचा वाटीत ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण यातलं सूप कुठे गेलं?"

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की म्हाताऱ्या माणसाची जीभच मेलेली असते.

हे वाक्य लिहिताना आज हात थांबतो. ते मी म्हटलं होतं, म्हणून लिहिते.

*

असं का म्हटलं, याचं उत्तर मला खूप उशिरा सापडलं. त्या पहिल्या वर्षांत मी प्रत्येक गोष्टीत अडाणी होते. बस कुठे थांबते, पगारातून कर किती कापतात, बर्फ खरवडायचं फावडं कुठलं घ्यायचं, हे सगळं मला लोकांना विचारावं लागे, आणि तेही माझ्याहून सावकाश बोलून मला समजावत, जणू मी बहिरी आहे. वसईत मी शाळेत शिकवत होते. इथे एका दुकानात मोज्यांच्या जोड्या लावत होते. स्वयंपाकघर ही एकच जागा उरली होती जिथे मी कुणाला काही विचारायची नाही. तिथेही कुणी शेजारीण पातेलं घेऊन येते आणि 'हिवाळ्याचं जेवण' म्हणते, म्हणजे तिथेही मी शिकाऊच? मग ते जेवण अळणी ठरवणं मला भाग होतं. अळणी हा माझा शेवटचा किल्ला होता.

तो पडला तो सोड्यांमुळे.

२०१६चा फेब्रुवारी. ओळखीचं एक कुटुंब वसईहून परतलं, त्यांच्याबरोबर आईने सोडे पाठवले होते. सोडे म्हणजे सोलून कडक उन्हात वाळवलेली कोळंबी. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून पावसाआधी घरोघर सुक्या मासळीची आगोट, म्हणजे बेगमी, भरून ठेवतात. त्यातली ही वरच्या दर्जाची. मी त्या दुपारी सोडे घालून वांगं-बटाटा केला. बाहेर उणे तीस, खिडकी उघडायची सोय नाही, त्यामुळे वास घरातच कोंडला. नेमक्या तेव्हा आजी माझं केकचं भांडं परत द्यायला आल्या. मी ओशाळले. भारतातसुद्धा या वासावरून शेजाऱ्यांशी भांडणं होतात.

आजींनी दारातच नाक वर केलं. "काहीतरी वाळवलेलं आहे," म्हणाल्या. मी सोड्यांचा डबा दाखवला. त्यांनी एक सोडा बोटांत धरून उजेडात पाहिला.

"भाजीत किती घालतेस?"

"मूठभर. भाजी वांग्याची, पण चव सगळी यांची."

"आणि तुझा तो बाटलीतला मसाला?"

"आज नाही. हळद, तिखट, लसूण, बस. तो मसाला घातला तर सोडे मरतात."

त्या हसल्या. सोडा परत डब्यात ठेवला आणि एकच शब्द म्हणाल्या: "हॅमबोन."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझंच वाक्य त्यांनी उलटं करून माझ्या हातात ठेवलं होतं. मूठभर सोड्यांवर बाटली मसाला ओतायला मला जिवावर येतं, आणि अख्ख्या हॅमच्या हाडावर मी तो चार वर्षं ओतत आले होते. त्यांनीही हिवाळ्याची आगोटच भरलेली होती. शेतात उन्हाळ्याच्या शेवटी वाळलेले वाटाणे, मीठ आणि धूर देऊन टिकवलेलं मांस, तळघरातली गाजरं नि कांदे. त्यात सोडे कुठले आणि वांगं कुठलं, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी हाडाला मांसाचा एक तुकडा समजत होते. ते त्या सुपाचा मसाला होतं.

*

त्याच आठवड्यात मी आजींच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा काही न बोलता बघितलं.

नाताळच्या हॅमचं हाड त्यांनी बर्फकपाटात जपून ठेवलेलं होतं. भाजताना हॅमला साखर-मोहरीचा लेप असतो. तो लेप त्यांनी कोमट पाण्याने धुऊन काढला, खोचलेल्या लवंगा वेचून टाकल्या. हाडावर दोन-अडीच वाट्या मांस चिकटलेलं होतं. ते हाड जाड बुडाच्या पातेल्यात, अडीच-तीन लिटर गार पाण्यात घातलं. पाणी तापू लागलं तशी आच मंद केली, इतकी मंद, की पाण्याच्या पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा. दीड तास त्यांनी त्याला हातही लावला नाही. आपल्याकडे पायाचं सूप करतात त्यातलीच ही किमया: सांध्याच्या शिरा-कुर्च्यांतलं कोलेजन सावकाश उष्णतेने वितळून त्याचं जिलेटिन होतं, आणि पाण्याला अंग येतं. घाई केली तर मांस चरबट होतं आणि हे अंग येत नाही.

मग डाळ. इथे नऊशे ग्रॅमचं पाकीट मिळतं, त्यातलं अर्धं. चार पाण्यांनी धुतली, भिजवली नाही. सालं निघालेली आणि दाणा दुभंगलेला, त्यामुळे भिजवायची गरजच पडत नाही. डाळ पडताच फेस आला, तो त्यांनी डावाने काढून टाकला. त्यानंतर बारीक चिरलेला एक कांदा, दोन गाजरं, सेलरीचे दोन दांडे, त्यांचं ते एका शिरेचं पान आणि दहा-बारा काळे मिरे. तेल नाही, परतणं नाही. मी रवी आणायला उठले, तर त्यांनी हाताने खूण करून बसवलं. तासाभरात डाळ आपली आपण विरघळली. रवी लागलीच नाही. त्या फक्त दर दहा मिनिटांनी लाकडी पळी पातेल्याच्या तळाला घासून फिरवत राहिल्या, कारण दाट होत जाताना ही डाळ बुडाला लागते, आणि एकदा करपली की तो वास काही केल्या जात नाही. शेवटी हाड बाहेर काढलं, मांस सोडवून, चिरून परत आत टाकलं. आणि तेव्हा कुठे त्यांनी चव घेतली, चिमूटभर मीठ घातलं.

"आता उद्या," म्हणाल्या आणि झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते सूप खरवसासारखं थिजलेलं होतं. सुरीने कापता आलं असतं. थोडं पाणी घालून मंद आचेवर ते परत सैल केलं, आणि मी चमचा तोंडात घातला. चार वर्षांपूर्वीचाच खारट-धुरकट चमचा. पण या वेळी मी कशाचीच वाट बघत नव्हते. आधी मीठ आलं, मग वाटाण्याचा मातकट गोडवा, मग मिरी, आणि गिळून झाल्यावर घशाशी धूर थोडा वेळ थांबला, चुलीवर शिजलेल्या भाताला असतो तसा.

माझं मत बदललं ते असं, आणि ते नेमकं कशाबद्दल बदललं तेही सांगायला हवं. फोडणी कमी दर्जाची असं मी आता मानत नाही. आपली फोडणी स्वयंपाकाच्या शेवटी किंवा सुरुवातीला एका क्षणात वास जागा करते. तेलाला ऊब असते तोवर मसाल्याचे गंध उडतात, पसरतात. या सुपात तो क्षणच नाही. इथे चव तळापासून, हाडातून, दोन-तीन तास वर येत राहते, आणि एक रात्र थांबल्यावर बसते. मी तळाकडून येणारी चव वरच्या थरात शोधत होते, आणि सापडत नाही म्हणून तिला अळणी म्हणत होते. अळणी म्हणजे मीठ नसलेलं. इथे तर हाडागणिक मीठ होतं.

सगळं पटलं असंही नाही. वाफवलेली कोबी नुसत्या लोण्याबरोबर खाण्याचं कौतुक मला आजही कळत नाही, आणि कळेल असं वाटत नाही. पण आता नावं ठेवण्यापूर्वी एकदा विचारते, की याचे सोडे कुठले?

*

वाटाण्यांकडेही मी त्यानंतर नव्याने पाहिलं. आजींच्या मुलाच्या शेतात गेलो तेव्हा ऑगस्ट होता. मी वाटाण्याचा वेल म्हणजे मांडवावर चढलेला समजत होते. इथे शेकडो एकर उभं पीक, पानं जेमतेम, जवळजवळ सगळ्यांच्या जागी कुरळे तणावे. त्या तणाव्यांनी झाडं एकमेकांचे हात धरून उभी राहतात, नाहीतर ती जमिनीवर लोळतात आणि कापणी यंत्राला शेंगांबरोबर दगडही वेचावे लागतात. सॅस्कटूनच्याच विद्यापीठातल्या पीक विकास केंद्रात या प्रांतासाठी असे वाण तयार होतात. वाटाणा मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतो, म्हणून गव्हाशी आलटून पालटून तो पेरतात. हिरवी डाळ आणि पिवळी डाळ यांत फरक तो काय, असं मी विचारलं, तर आजींचा मुलगा म्हणाला, "मेंडेलला विचार." शाळेत मी हे पोरांना फळ्यावर शिकवलं होतं: ब्रनोच्या मठातल्या बागेत मेंडेलने वाटाण्यांवर केलेले प्रयोग, १८६६ साली छापलेला निबंध, पिवळा दाणा प्रभावी, हिरवा अप्रभावी. फळ्यावरचे ते वाटाणे आणि आपल्या पातेल्यातले वाटाणे एकच आहेत हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आणि या शेतातला पिवळा वाटाणा तेव्हा जायचा कुठे? बराचसा भारतात. मुंबईच्या गाडीवरचा रगडा मी कॉलेजात असताना कितीदा खाल्ला असेल. त्यात कॅनडाचे दाणे असू शकतात हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर हसले असते. २०१७च्या नोव्हेंबरात भारत सरकारने वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. त्या रविवारी आजींकडे जेवायला होतो. मुलगा गप्प होता. शेवटी मला म्हणाला, "तुमचे लोक आमचे वाटाणे खायचे थांबले तर आम्ही एवढ्यांचं सूप किती करणार?" सगळे हसले, पण त्याच्या कोठारात माल पडून होता. मी काय बोलणार? भारतातल्या शेतकऱ्याला त्याच्या डाळीचा भाव मिळावा म्हणून ते शुल्क, हे मला माहीत होतं, आणि ताटातलं सूप आजींच्या मुलाच्या शेतातलं, हेही. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

*

दोन महिन्यांनी, २०१८च्या जानेवारीत, रविवारी सकाळी आईचा दुसरा प्रश्न आला. गॅसवर पातेलं होतं.

"फोडणी दिलीस ना?"

"नाही दिली."

पलीकडे जरा शांतता. "लसूण संपला?"

"लसूण आहे. या सुपाला फोडणी देत नाहीत, आई. दोन वर्षं झाली, मी देत नाही."

"मग मागच्या रविवारी?"

"तेव्हाही दिली नव्हती."

ती काही बोलेना. मला वाटलं फोन तुटला. मग शिक्षकाने पोराला खोदून विचारावं तसं तिने सुरू केलं: "मग चव कशाची लागते?"

"हाडाची. सोडे घातल्यावर लागते ना, तशी."

"मीठ कधी घालतेस?"

"सगळ्यात शेवटी. हाडाचं मीठ उतरल्यावर."

"ते बरोबर," ती म्हणाली. पुन्हा थांबली. "आणि मी बाटल्या पाठवते त्यांचं काय करतेस?"

"इंदियालला वापरते. आणि सूप उरलं, तर तिसऱ्या दिवशी त्याला फोडणी देते. भाताबरोबर खातो."

"तिसऱ्या दिवशी देतेस ना?" आईचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग आधीच सांगायचं तसं."